पहिल्या दिवशीचं द्राक्षासव

त्या सकाळी उइटहॉर्न या डच गावातल्या घरातून सायकलवर बसडेपोकडे निघाले तेव्हा मी मनातल्या मनात नाचत होते. पुण्यात कितीतरी वर्षं कॉम्प्युटरसमोर मान मोडली, मग नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले आणि चक्क बस चालवायचं ठरवलं. ओळखीतले मराठी लोक हसले. हसू देत! मी डच शिकले, मोठ्या गाडीचं लायसन्स काढलं आणि आज शेजारी शिक्षक नसताना पहिल्यांदा एकटी बस काढणार होते.

पुण्याहून राहायला आलेल्या सासूबाईंनी निघताना हातावर दही-साखर ठेवली. मग त्यांनाच वाटलं, या थंडीत दह्याने हिचा घसा धरेल. म्हणून वर दारातच झाकणभर द्राक्षासव पाजलं. डेपो अगदी जवळ, पण मला धीर कुठला! गटकन प्यायले आणि सुटले.

आमच्या बसमध्ये श्वासातली दारू तपासणाऱ्या नळीत फुंकल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. मी थाटात फुंकलं. लाल दिवा लागला.

आधी मला हसूच आलं. मी आणि दारू? आमच्या घरात रम घातलेला केकसुद्धा येत नाही! पण लाल दिव्याची खबर थेट सुपरवायझरच्या स्क्रीनवर जाते. सुपरवायझर बाई लगालगा चालत आल्या आणि त्यांचा चेहरा बघून माझं हसू मावळलं. प्रशिक्षणात आम्हाला एका जुन्या चालकाची गोष्ट सांगितली होती. सुट्टीच्या दिवशी कुठल्याशा बारशाला बिअर पिऊन तो स्वतःच्या कारने घरी निघाला आणि पकडला गेला. बसमध्ये नव्हता, ड्यूटीवर नव्हता. पण कारचं आणि बसचं लायसन्स एकाच कार्डावर असतं. ते गेलं, केस झाली, पुढे नोकरीसाठी लागणारा चारित्र्याचा दाखलाही अडकला. आता तो ब्रेडा शहराजवळ एका गोदामात खोकी रचतो. मी तर अजून प्रोबेशनवर. बस जागची हलायच्या आतच सगळं संपतंय की काय! मला ही नोकरी हवी होती, अगदी हट्टाने हवी होती.

“काय प्यायलीस?” बाईंनी विचारलं.

“औषध. द्राक्षांचं,” मी म्हणाले, आणि म्हणताक्षणी जीभ चावली.

“द्राक्षांचं,” बाई म्हणाल्या. त्यांच्या भुवया पार वर गेल्या होत्या.

मी त्यांच्यासमोरच घरी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. “आई, बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा ना पटकन!”

“अगं, झालं काय? थांब, चष्मा घेते. हं, मनुका… धायटीची फुलं… दालचिनी… आणि खाली बारीक इंग्लिशमध्ये आहे बघ. सेल्फ… जनरेटेड… अल्कोहोल.” मग एकदम आरडाओरडा. “अगंबाई! म्हणजे मी तुला दारू पाजली?”

बाईंना त्यातलं ‘अल्कोहोल’ कळलं, आणि तेवढं पुरलं. मी जमेल तशा डचमध्ये दही, घसा, झाकण असं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. “चूळ भर,” त्या म्हणाल्या. “थोडा वेळ थांबून पुन्हा फुंक. नुसतं तोंडात असेल तर जाईल. पुन्हा लाल आलं, तर आज तू घरी आणि माझा रिपोर्ट वर.”

मी चुळांवर चुळा भरल्या. डेपोतल्या बाकी बस एकेक करून बाहेर पडत होत्या आणि माझी तेवढी उभी होती. शेवटी बाईंनी मान हलवली. मी डोळे मिटून फुंकलं.

हिरवा! मी “येस्स!” म्हणून अशी ओरडले की बाई दचकल्या आणि मग त्याही हसल्या.

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाईंचा आवाज रडवेला झाला होता. “खरं सांग, माझ्यामुळे नोकरी गेली का गं तुझी?”

“नाही आई, हिरवा दिवा लागला! निघालेच आता!”

“मग माझ्याशी काय बोलत बसलीस? लोक ताटकळले असतील तिकडे. बस काढ आधी!”

मी फोन बंद करून बॅगेत टाकला, आरसे पाहिले आणि बस काढली.