रेषा दिसल्या पाहिजेत

मार्लिस केटुनेनचं फावडं तिच्या नवऱ्याने लपवून ठेवलं होतं, आणि ते कुठे असणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. ड्वेन माणूस लाखात एक, पण लपवालपवीत अगदीच कच्चा. नाताळच्या भेटी असोत की बिस्किटांचा डबा, सगळं गॅरेजमधल्या जुन्या फ्रीजच्या मागे. फावडंही तिथेच निघालं.

"डॉक्टर काय म्हणाला, विसरलीस?" ड्वेन दारात उभा राहून करवादला. "खुब्याचं ऑपरेशन होऊन वर्ष नाही झालं. बर्फ उपसायचा नाही म्हणाला तो."

"उपसतंय कोण? नुसता बाजूला सारणार."

"अगं, त्या कॉलेजात एवढी तरणीताठी माणसं आहेत!"

"आहेत ना. झोपली असतील." तिने टोपी कानांवर ओढली. "गाडी काढतोस की मी काढू?"

ड्वेनने गाडी काढली. दुसरं करणार काय बिचारा! नोव्हेंबरातला शनिवार होता, पहाटेपासून बर्फ पडत होता, आणि दुपारी एक वाजता कॉलेजच्या मैदानावर मुलींच्या फुटबॉलचा अंतिम सामना होता. सात कॉलेजांच्या गटाची ही स्पर्धा, आणि यंदा अंतिम सामना लार्च रिव्हरला, मार्लिसच्या गावात.

आता मार्लिसबद्दल थोडं सांगायला हवं. ती शाळेची बस चालवायची. गावातली अर्धी पोरं तिच्या बसमधून शाळेत गेली आणि आरशातून आलेला तिचा ओरडा खाऊन मोठी झाली. आवाज असा, की मागच्या सीटवरचं पोर जागच्या जागी गप्प. पण कुणाच्या घरी आजारपण आलं, की संध्याकाळी दारात हॉटडिशचं, म्हणजे भट्टीत भाजलेल्या बटाटा-खिम्याचं, गरम भांडं ठेवून, बेल वाजवून पळून जाणारीही हीच. आभार मानलेले तिला सहन व्हायचे नाहीत.

आणि एक गोष्ट अख्ख्या गावाला माहीत होती. मुलींच्या अंतिम सामन्याला बर्फ पडला, की मार्लिस फावडं घेऊन हजर. सामना गावात असो, नाहीतर चार तासांवरच्या कॉलेजात. स्पर्धा सुरू झाली तेव्हा बघायला आईबाप आणि दोन-चार कुत्री असायची. पुढे दिवे आले, तिकिटं आली, गवत जाऊन प्लास्टिकच्या गवताचा हिरवा गालिचा आला, कॅमेरे आले. मार्लिस मात्र तीच, फावडंही तेच. गालिच्याला लोखंडी धार चालत नाही म्हणून मैदानाचा रखवालदार गॉर्डी अडून बसला, तेव्हा तिने बागेतला जुना नळीचा तुकडा उभा चिरला आणि फावड्याच्या धारेवर चढवला. गॉर्डीचं तोंड बंद.

हे सगळं ती का करते, ते कुणी विचारलं नाही. आमच्याकडे असलं काही विचारत नाहीत. हवापाण्यावर बोलतात आणि कॉफी ओततात.

"आलीस?" गॉर्डी फाटकातच भेटला. "मला वाटलं, यंदा सुटलो."

"मी मेले की सुटशील. तुझं बर्फ सारायचं यंत्र कुठाय?"

"पट्टा तुटलाय. सोमवारपर्यंत काही खरं नाही." गॉर्डीने रेफरीबाईंच्या गाडीकडे बोट केलं. "त्या म्हणाल्या, साडेबारापर्यंत रेषा दिसल्या तर खेळवू. नाहीतर सामना रद्द, आणि साखळी सामन्यांत जो वर तो विजेता. म्हणजे आपणच की! तू जा घरी, शेकत बस."

मार्लिसने मैदानाकडे पाहिलं. सगळं पांढरंफटक, रेषेचा कुठे पत्ता नाही. पलीकडे सेंट ओडिला कॉलेजची बस उभी होती. काचांना नाकं लावून मुली बाहेर बघत होत्या. आणि इकडे आपल्या मुलींच्या खोलीतून गाण्यांचा आणि नाचण्याचा धुडगूस ऐकू येत होता. न खेळताच कप मिळणार म्हटल्यावर नाचतील नाही तर काय!

ती सरळ कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी गेली आणि फावडं लावलं.

पाच-दहा हात झाले नाहीत तोच खुबा ठणकायला लागला. थांबली, श्वास घेतला, पुन्हा लागली. तेवढ्यात खोलीचं दार उघडलं आणि कर्णधार ब्रिन टॉलेफसन धावत आली. ही ब्रिन म्हणजे मार्लिसच्याच बसमधली, सीटखाली च्युइंगम चिकटवण्यात एक नंबर.

"मिसेस के, अहो काय करताय? थांबा ना!"

"रेषा काढतेय."

"पण नाही दिसल्या तर कप आपलाच आहे."

"ते कळतं मला."

"मग?" ब्रिन रडकुंडीला आली होती. "कोचबाई म्हणतात, तुमचं तुम्ही ठरवा. मुली म्हणतात, वर्षभर घाम गाळलाय, घेऊन टाकू. चार वर्षं झाली मला इथे. हा शेवटचा सामना आहे माझा. हरले तर?"

मार्लिस फावड्यावर रेलली. इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते या पोरीला सांगावंसं वाटलं. खुबा दुखत होता म्हणूनही असेल.

"पहिल्या वर्षीच्या स्पर्धेत मी होते," ती म्हणाली. "याच कॉलेजकडून. अंगात मुलांचे टाकून दिलेले शर्ट, गुडघ्यापर्यंत येणारे. अंतिम सामना सेंट ओडिलाच्या मैदानावर. माझाही शेवटचाच. असाच बर्फ पडला. त्यांचं एकुलतं एक यंत्र गेलं मुलांचं मैदान साफ करायला. मग आम्ही त्यांच्या मेसमधून जेवणाचे ट्रे आणले आणि ट्रेने बर्फ ओढायला लागलो. एक बाजू होत आली होती गं. रेफरीने घड्याळ बघितलं आणि गाडीत जाऊन बसला. कप त्यांना दिला, साखळीत त्या वर होत्या म्हणून."

"मग?"

"मग काय? घरी फोन केला. आईने विचारलं, जिंकलात? म्हटलं, नाही. हरलात? म्हटलं, नाही. तर म्हणाली, मग गेला होतात कशाला?" मार्लिस हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "मी डाव्या बाजूला खेळायचे. त्या दिवशी सकाळपासून वाटत होतं, आज माझा गोल होणार. अजून वाटतं कधीकधी. बस सिग्नलला थांबली की."

ब्रिन पायाने बर्फ उकरत उभी राहिली आणि मग वळून आत गेली.

गेली नाचायला, मार्लिसच्या मनात आलं. जाऊ दे, तिचं वय आहे. ती पुन्हा रेषेला लागली, पण आता हात चालेना. एवढं मोठं मैदान आणि आपण एकटी म्हातारी. या वेळी नाही जमायचं, हे तिला कळून चुकलं.

खोलीतलं गाणं बंद झालं. मार्लिसने मान वर केली. मेसच्या बाजूने मुली येत होत्या, सगळा संघ, आणि प्रत्येकीच्या हातात जेवणाचा ट्रे. सगळ्यांत पुढे ब्रिन.

"फावडी तीनच मिळाली," ती ओरडली. "ट्रे चालतील ना, मिसेस के?"

 मार्लिसने मान डोलावली आणि नाक हातमोज्याला पुसलं.

ते पाहून पलीकडच्या बसचं दार उघडलं. सेंट ओडिलाच्या मुली उड्या मारत उतरल्या, कुणी केरभरणी आणली, कुणी हातानेच सुरुवात केली. थोड्याच वेळात कोण कुठल्या कॉलेजची ते कळेनासं झालं. एक जण दुसरीला बर्फाचा गोळा मारतेय, तिसरी घसरून पडतेय, गॉर्डी "अगं गालिचा, गालिचा!" करत मागे धावतोय. ड्वेनही आला, गाडीतून खुर्ची घेऊन, आणि मार्लिसला दंडाला धरून त्याने तिच्यावर बसायलाच लावलं. एरवी त्या घरात हुकूम बाईचाच चालतो.

साडेबाराला रेफरीबाई आल्या. चौफेर हिंडल्या, मधल्या वर्तुळात उभ्या राहिल्या.

"दिसतात," त्या म्हणाल्या.

सामना झाला. नारिंगी चेंडू, पांढरं मैदान, आणि काय खेळल्या पोरी! आधी ब्रिनने गोल केला तेव्हा मार्लिस खुबा विसरून उठली. मग सेंट ओडिलाने फेडला. आणि अगदी शेवटी शेवटी त्यांचाच आणखी एक गेला. कप त्यांच्या बसमध्ये चढणार, हे ठरलं.

मार्लिस खुर्चीत चोरासारखी बसून राहिली. गप्प घरी बसली असती तर या मुली आत्ता कप घेऊन नाचत असत्या. ब्रिन समोर आली, डोळे लाल, नाक वाहतंय.

"हरलो, मिसेस के."

"माझ्यामुळे. घाल शिव्या, मी ऐकून घेते."

"घालणार आहे. पण आधी इकडे या."

तिने मार्लिसला हात धरून मैदानात नेलं, डाव्या बाजूला. तिथे चेंडू ठेवलेला होता. गोलमध्ये सेंट ओडिलाची गोलकीपर हातमोजे घालून वाकून उभी होती, आणि दोन्हीकडच्या मुली त्यांनीच मोकळ्या केलेल्या रेषेवर ओळीने उभ्या होत्या.

"छे गं! वेड लागलंय का तुम्हाला?" मार्लिस म्हणाली. पण पाय हलले नाहीत तिथून. मग तिने गोलकीपरला तिचा तो बसमधला आवाज लावला. "ए! मुद्दाम सोडलास तर याद राख!"

"नाही सोडणार, मॅम!"

दोन पावलं मागे, दुखऱ्या खुब्याला सांभाळत. आणि मारला. तिच्या मानाने बरा गेला चेंडू, खालून, कोपऱ्याकडे. गोलकीपरने अंग झोकून दिलं आणि दोन्ही हातांनी तो पोटाशी धरला.

 पोरींना वाटलं, आता ही रडणार. मार्लिसने दोन्ही हात वर केले आणि खदाखदा हसत सुटली, आणि मग डोळ्यांना धार लागली.

गाडीत ड्वेनने हीटर चालू केला, फावडं मागे नीट ठेवलं आणि थर्मासमधली कॉफी तिच्या हातात दिली. 

"आई असती तर फोन केला असता," मार्लिस म्हणाली.

"काय सांगितलं असतंस?"

"हरलो गं आई, म्हटलं असतं. सेंट ओडिलाकडून हरलो."