शेळीवर आलेला आळ

चहा निवायच्या आत सांगून टाकते, कारण एकदा गप्प बसले की माझ्या तोंडून पुन्हा शब्द फुटत नाही. आणि हा सगळा घोळ त्या गप्प बसण्यातूनच झाला. अजून आठवलं तरी कान तापतात हो!

लग्नानंतरचा पहिला दसरा. सासर केडगावचं. सकाळी आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, पुरण घोटता घोटता म्हणाल्या, "संध्याकाळच्या सोन्याचं तेवढं बघशील का गं?"

"हो," मी म्हणाले. कुठून आणायचं, एवढं विचारलं असतं तर काय जीभ झडली असती? पण नवी सून! विचारलं तर त्यांना वाटायचं, हिला आपटासुद्धा ठाऊक नाही.

आणि खरंच नव्हता. माझं माहेर काष्टीचं, चहूकडे ऊस. आपटा पाहिला तो बाजारात, सुतळीने बांधलेल्या जुडीत.

इथे तर फाटकाशीच झाड! माणसापेक्षा जरासं उंच, प्रत्येक पान मधोमध चिरलेलं. पानं मात्र तळहाताएवढी. म्हटलं, मोठ्या घरचं सोनंही मोठंच असणार!

स्टूल घेतलं आणि शेंड्यापर्यंत ओरबाडलं. मध्येच लांबट कळ्या हाताला लागत होत्या. त्या निवडून कचऱ्यात टाकल्या. माझं काम फार स्वच्छ.

संध्याकाळी परात घेऊन गल्लीभर सोनं वाटलं. लोक पानाकडे बघायचे, मग माझ्याकडे, आणि म्हणायचे, "सुखी राहा, बाई." किती मायाळू गल्ली, असं वाटलं मला!

मी परतले आणि मागोमाग मामा आले. मामा म्हणजे माझे सासरे. सोबत दोन मित्र. लांबूनच आवाज, "चला, माझा कांचन दाखवतो. पहिल्यांदाच कळ्या धरल्यात!"

फाटकाशी आले आणि थबकले. झाड कसलं, उभा खराटा!

"शेळी!" मामा कडाडले. "त्या शांताबाईची शेळी!"

मी दाराआड, हातात रिकामी परात. एक वाक्य बोलायचं होतं, 'मामा, मी तोडलं.' नाही बोलले. लाजेने म्हणा, भीतीने म्हणा, बिचाऱ्या मुक्या जनावरावर आळ येऊ दिला.

पण शेळीची मालकीण मुकी नव्हती ना! शेजारच्या शांताबाई पदर खोचून हजर.

"माझ्या शेळीचं नाव घ्यायचं न्हाई! सकाळधरनं बांधल्याली हाय. आन शेळी शेंड्यावर चढती व्हय?"

"मग पाला गेला कुठं?"

"ह्यो बघा कुठं गेला!" त्यांनी मूठ उघडली. "तुमच्या सूनबाईनं समद्या गल्लीत वाटलाय. म्या म्हनलं, नवी पोरगी हाय, कशाला बोला!"

धरणीमाते, पोटात घे! पण केडगावात सगळीकडे सिमेंट, धरणी दुभंगणार कुठून?

मामा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "आपटा असा दारात लाडानं वाढत नसतो गं. तो डोंगराच्या उताराला, मुरमाड माळावर आपला आपण येतो. पान बारकं, जाड. हा कांचन. जंगलातला, ओढ्याकाठचा. इथल्या कोरड्या हवेत बादलीनं पाणी घालून जगवलाय." मग उघड्या फांद्या चाचपत, "कळ्या कुठंयत?"

मी कचऱ्याच्या डब्याकडे पाहिलं.

"शेळीनं निदान खाल्ल्या तरी असत्या," मामा म्हणाले आणि आत गेले.

आता झाडाला नवी पालवी आहे. भोवती तारेची जाळी आली आहे. "शेळीसाठी लावली," असं मामा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. माझी लाज राखतात बिचारे.

पण जाळीच्या दाराला त्यांनी कुलूप घातलंय. आता तुम्हीच सांगा, शेळीला नुसती कडी पुरली नसती का?