गळ्यावरचे तीन तीळ

आमच्या भाऊजींनी आजवर किती माणसांना "हनुवटी जरा खाली" असे सांगितले असेल ते एक देवच जाणे. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा फोटो स्टुडिओ आहे, त्याला आता चाळीस वर्षे झाली. एक पांढरा पडदा, एक गोल स्टूल, दिव्यांवर लावायच्या दोन छत्र्या आणि दाराशी एक आरसा. आरशात बघून लोक भांग पाडतात आणि कंगवा तिथेच विसरतात, त्यामुळे आमच्या घरात कंगव्यांना कधी तोटा नाही. रस्त्यावरची मुले त्यांना हनुवटीकाका म्हणतात. त्या मुलांचे आईबापही लहानपणी हेच म्हणत, म्हणून कोणी कोणाला रागवत नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या यजमानांचे धाकटे भाऊ. वय सहासष्ट, लग्न केले नाही. "साऱ्या गावाचे लग्नाचे फोटो मी काढले, वहिनी. माझा काढायला कोण होतं?" असे म्हणून तो विषय ते मिटवतात. मी या घरात आले त्याच वर्षी त्यांनी स्टुडिओ थाटला आणि पडद्यासमोर पहिली मीच बसले. तो फोटो अजून बैठकीच्या खोलीत लटकतो आहे.

त्यांच्या धंद्याचे दोन नियम. गिऱ्हाइकाला कच्चा फोटो दाखवायचा नाही, आणि काम झाले की कच्चा फोटो ठेवायचाही नाही. पुटकुळ्या, डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळे त्यांनी पुसायची आणि माणसाने "बरा आलोय की मी" म्हणत घरी जायचे. पूर्वी हे काम निगेटिव्हवर बारीक ब्रशने चाले, आता कॉम्प्युटरवर चालते. हात तोच.

पाखरांचे खूळ आठ वर्षांपूर्वी शिरले. डॉक्टरांनी चढउताराचे चालायला सांगितले, तर स्वारी थेट डोंगराच्या माथ्यावर. तिथले रान वर्षातले निम्मे दिवस ढगात बुडालेले असते. पाऊस नसतानाही पाने गळत राहतात, खोडांवर मनगटाएवढे जाड शेवाळ, फांद्याफांद्यांवर नेचे. ढग झाडांमधून चालत येतो आणि दहा पावलांवरचे झाड आहे म्हणता म्हणता नसते. अशा जागी भाऊजी तासन् तास एका फांदीकडे डोळे लावून बसतात. धुक्यात रंगावर भरवसा ठेवायचा नाही, असे ते सांगतात. आधी आवाज ऐकायचा, मग शेपूट कशी हलते ते बघायचे, पाखरू उडून पुन्हा त्याच काडीवर येते का ते बघायचे, आणि रंग सगळ्यात शेवटी. कॅमेरा वर पोचल्यावर पाव तास पिशवीतच ठेवायचा, नाहीतर काचेला घाम फुटतो. कॅमेऱ्यातला उजेडही हाताने वाढवून घ्यावा लागतो, नाहीतर मागच्या पांढऱ्या ढगापुढे पाखरू कोळशासारखे येते.

एवढे सगळे शिकले, पण स्टुडिओ काही अंगातून गेला नाही. ओळखपत्राच्या फोटोसारखे पाखरू बरोबर मधोमध हवे, मागे काही नको आणि नजर समोर. मी स्वतः त्यांना एका घुबडाला "हनुवटी खाली" असे पुटपुटताना ऐकले आहे. आमच्या ह्यांचे औषधांचे दुकान आहे. संध्याकाळी दुकान बंद करून आले की ह्यांचा ठरलेला प्रश्न असतो, "काय रे, आज दोन्ही कान दिसले का गिऱ्हाइकाचे?" पण गोळ्यांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या हेच जपून ठेवतात आणि गुपचूप भावाच्या कॅमेऱ्याच्या पिशवीत सारतात. मी पाहिले आहे, हे त्यांना माहीत नाही.

दोन वर्षांपूर्वी भाऊजींचा डावा गुडघा रुसला, तेव्हापासून सोबत म्हणून मी जाते. जीपवाला वर सोडतो, पुढे अर्ध्या तासाची पायवाट. तिथे एका सपाट दगडावर मी जपाची माळ घेऊन बसते. त्यांचे वाट बघणे आणि माझा जप, दोन्हींना बैठक सारखीच लागते. संध्याकाळी रोजच्या वहीत दोन ओळी टिपून ठेवते.

आता मुख्य गोष्ट. या रानातल्या पाखरांची एक छापील यादी आहे. ती दहा वर्षांतून एकदा निघते आणि कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई ती करतात. आम्ही त्यांना यादीबाई म्हणतो, अर्थात त्यांच्या माघारी. बाई कडक. स्पष्ट फोटो असेल किंवा त्यांच्या मंडळातल्या दोघांनी पाहिले असेल, तरच पाखरू यादीत. नवी यादी यंदा निघायची होती, आणि नोंदी महिनाअखेरपर्यंतच द्यायच्या होत्या. भाऊजींना एकच इच्छा होती, आपण शोधलेले एक तरी पाखरू त्यात असावे. पुढच्या यादीच्या वेळी ते शहात्तरचे असतील, आणि गुडघ्याचे काय सांगावे.

आणि महिनाअखेरीला तीन आठवडे उरले असताना त्यांना तो दिसला. तीळवाला माशीमार. चिमणीपेक्षा लहान, राखी, उडत्या माश्या पकडून पुन्हा त्याच काडीवर बसणारा. साधा राखी माशीमार तिथे ढिगाने आहे. हा हुबेहूब तसाच, फक्त गळ्यावर तीन काळे तीळ. वीस वर्षांत तो कोणाला दिसला नव्हता. भाऊजींनी पाच फोटो काढले आणि मला हलवून सांगितले, तोवर पाखरू पसार. मी काही पाहिले नाही. माझे डोळे मिटलेले होते. देवाचे नाव घेत होते, आता याचा दोष कोणाला द्यायचा? संध्याकाळी वहीत मात्र त्यांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे लिहिले: "गळ्यावर तीन तीळ, मधला मोठा."

सगळ्यात चांगला फोटो निवडून, नीट करून त्यांनी यादीबाईंना पाठवला. चार दिवस ते शीळ घालत फिरत होते. पाचव्या दिवशी बाईंचा फोन आला. फोटो अतिशय सुंदर आहे म्हणाल्या, इतका स्वच्छ फोटो त्या रानात आजवर कोणी काढला नसेल. पण हा साधा राखी माशीमार आहे. गळ्यावर एकही तीळ नाही.

भाऊजींनी फोन ठेवला आणि स्टुलावर बसले, जिथे एरवी गिऱ्हाईक बसते. आपल्याला भास झाला का, असे त्यांनी मला दोनदा विचारले. धुके होते, वय झाले आहे, थेंब पानावर होते की गळ्यावर, कोण सांगणार. ह्यांनी त्या दिवशी कान दिसले का असे विचारले नाही, त्यावरूनच घरात काय वातावरण होते ते समजावे. मी वहीतली ओळ काढून दाखवली, तर म्हणाले, "वहिनी, तुम्ही मी सांगितलं ते लिहिलंत. मी काय पाहिलं ते थोडंच लिहिलंत."

त्याच आठवड्यात माझे ओळखपत्र नवे करायचे होते. फोटो अर्थातच घरचा. अर्ज दिला आणि दोन दिवसांत परत आला. मी कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकुनाने अर्जावर बोट ठेवले. ओळखीची खूण या रकान्यात मी लिहिले होते, हनुवटीवर उजवीकडे तीळ. त्याने फोटोकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा फोटोकडे पाहिले.

"आजी, तुम्ही तुम्हीच आहात हे मला दिसतंय हो. पण फोटोतल्या बाई कोणीतरी दुसऱ्याच आहेत."

घरी येऊन मी फोटो भाऊजींपुढे धरला.

"भाऊजी, माझा तीळ कुठे गेला?"

"कुठला तीळ?" ते अगदी निष्पापपणे म्हणाले.

मी हनुवटी पुढे केली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला ती खाली घ्यायला सांगितले नाही. ते बघत राहिले. मग मी उठले आणि भिंतीवरचा चाळीस वर्षांपूर्वीचा फोटो उतरवला. काच पुसली. त्यातही तीळ नव्हता. चाळीस वर्षे मी त्या फोटोवरची धूळ झटकते आहे आणि माझ्या लक्षात आले नाही. तेवढ्यात हे दुकानातून आले. काय चालले आहे ते ऐकून माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "तुला तीळ आहे?"

त्या विषयावर मी ह्यांच्याशी नंतर बोलले.

भाऊजींचा चेहरा मात्र पांढऱ्या पडद्यासारखा झाला होता. आम्ही दोघे एकाच वेळी कॉम्प्युटरकडे वळलो. त्यांनी एक नवा कच्चा फोटो उघडला, कुठल्याशा शाळामास्तरांचा. मी म्हटले, करा तुमचे काम, मी नुसती बघते. त्यांचा हात चालू लागला. ते माझ्याशी बोलत होते आणि हात आपोआप मास्तरांच्या गालावरचे डाग टिपत होता, टिप टिप टिप, निवडताना तांदळातले खडे काढावेत तसा. तिसऱ्या टिपेला हात थांबला.

"मी पुसले," ते म्हणाले. "वहिनी, मीच पुसले."

"देवाने ठेवलेले तीन तीळ तुम्ही पुसलेत. आणि माझा चौथा."

बाकीचे चार फोटो कुठे आहेत हे विचारण्यात अर्थ नव्हता. काम झाले की कच्चे ठेवायचे नाही. नियम म्हणजे नियम.

यादीबाईंना फोन करायला त्यांना लाज वाटत होती, म्हणून मी केला. पलीकडून असे काही हसू आले, की कडक बाईंकडे एवढे हसू साठले असेल असे वाटले नव्हते. मग त्या पुन्हा कडक झाल्या. हकीकत पटते म्हणाल्या, पण यादीत हकीकत छापता येत नाही. एक तारखेपासून घरटी करण्याचा हंगाम म्हणून वरची पायवाट बंद होते. म्हणजे एकच रविवार उरला. त्या स्वतः येतील. "आणि काकांना सांगा, कॅमेऱ्यातलं कार्ड तिथल्या तिथे माझ्या हातात द्यायचं. ते घरचा उंबरा ओलांडणार नाही."

रविवारी वर गेलो तेव्हा ढग जमिनीला टेकला होता. भाऊजींनी कॅमेरा पिशवीतच ठेवला आणि बाईंनाही दुर्बीण पाव तास बाहेर काढू नका म्हणून सांगितले. बाई म्हणाल्या, वीस वर्षे मी या रानात येते आहे. त्यांनी दुर्बीण काढली. काच लगेच पांढरी झाली. पाठोपाठ चष्माही.

मी माझ्या दगडावर बसले, पण या वेळी डोळे उघडे ठेवले. देव समजून घेईल. एक तास गेला. रान इतके गप्प, की थेंब पडलेले मोजावेत. मग एकाएकी वरून पाखरांचा एक अख्खा घोळका आला, पाचसात जातींचा, किलबिलत, फांद्या झाडत, आणि जसा आला तसा निघूनही गेला. मागे एकच राहिले. राखी, छोटे, शेवाळलेल्या काडीवर. उडाले, हवेत चोच मिटली, पुन्हा त्याच काडीवर.

"कुठे? कुठे?" बाई चष्मा पदराने पुसत विचारत होत्या. माझ्या डोळ्यांना गळा काही दिसला नाही, खोटे कशाला सांगू. कॅमेऱ्याचा आवाज तेवढा दोनदा ऐकू आला. मग ढग मध्ये आला, आणि तो गेला तेव्हा काडी रिकामी होती.

भाऊजींनी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहिले आणि हळहळले. "चांगला नाही आला."

आम्ही तिघे त्या पडद्यावर वाकलो. पाखरू कोपऱ्यात, वाकडे. एका पंखाचे टोक कापलेले. शेपटीवरून एक काडी आडवी गेलेली. मान वर करून ते वरच्या कुठल्याशा माशीकडे बघत होते, हनुवटी सरळ आभाळात. आणि म्हणूनच गळा पूर्ण उघडा पडला होता. तीन तीळ, मधला मोठा.

बाईंनी चष्मा पुन्हा पुसून तीळ एकदा मोजले. मग म्हणाल्या, "काका, हे यादीत गेलं."

भाऊजींचे डोळे भरून आले होते, पण तोंडातून निघाले ते असे: "बाई, ती काडी फक्त… दोन मिनिटांचं काम आहे."

बाईंनी हात पुढे केला. भाऊजींनी कार्ड काढून त्यांच्या तळहातावर ठेवले. कोणी पोटचे मूल परक्याच्या हाती देईल तसे. बाईंनी ते चष्म्याच्या डबीत घालून डबी बंद केली.

यादी छापून आली. पान सदतीस, वरचा फोटो, खाली भाऊजींचे नाव. ह्यांनी दुकानाच्या काउंटरवर एक प्रत ठेवली आहे आणि खोकल्याचे औषध घ्यायला आलेल्यालाही आधी पान सदतीस बघावे लागते. माझा फोटो भाऊजींनी नव्याने काढला. तीळ आहे तिथेच आहे, आणि त्यांना तो इतका जपावासा वाटला की चेहऱ्यात आता सगळ्यात ठळक तोच दिसतो. कारकुनाने लगेच शिक्का मारला.

भाऊजीही स्टुडिओत आलेल्या प्रत्येकाला पुस्तक उघडून दाखवतात. फक्त दाखवताना अंगठा असा धरतात की शेपटीवरची काडी त्याखाली झाकली जावी.