जवळपास डोईफोडे

डोईफोड्याला "जेवलास का?" विचारलं, तरी तो "जवळपास" म्हणायचा. आता जेवण जवळपास कसं होतं, हे मला म्हाताऱ्याला अजून कळलेलं नाही. माणूस एक तर जेवलेला असतो, नाहीतर उपाशी असतो. डोईफोड्याचं मधलंच काहीतरी चालायचं. डॉक्टर साहेब आले का? जवळपास आले. लस आली का? जवळपास आलीच. म्हणजे साहेब अजून अंथरुणात आणि लस पाटोद्याला.

आमच्या गावच्या जनावरांच्या दवाखान्यात तो कॉम्प्युटरवर बसायचा. डॉक्टर जनावराला हात लावायचे, हा जनावराच्या नंबराला. गुरांच्या कानात पिवळा बिल्ला ठोकलेला असतो, त्यावर हातभर लांब नंबर. वरच्या ऑफिसच्या प्रोग्राममधून सगळ्या गुरांची यादी निघायची. ती हा आपल्या शीटमध्ये उतरवून घ्यायचा आणि फॉर्म्युला लावायचा. नंबर टाकला, की फॉर्म्युल्यानं यादीत जायचं आणि मालक कोण, गाय का म्हैस, नर का मादी, ते हुडकून आणायचं. मी दुसरीतून शाळा सोडली, पण एवढं मला समजतं. चुकलेलं जनावर हुडकायला गडी धाडावा, तसंच ते. फरक एवढाच, की आमचा गडी दुसऱ्याची म्हैस घेऊन परत येत नाही.

पाटोद्याला जनावरांचं प्रदर्शन होतं. माझी रतन, अस्सल लाल कंधारी गाय, मला दुधाच्या स्पर्धेत उतरवायची होती. शेजारचा भुजंग वर्षभर पारावर सांगत फिरला होता, "बप्पाची गाय नुसती दिसायलाच हाय." त्याचं तोंड बंद करायचं म्हणून मी तिला माझ्या घासातला घास घातलेला. नाव नोंदवायला गेलो. डोईफोड्यानं नंबर टाकला, चष्मा कपाळावर चढवला.

"बप्पा, हिला दुधात न्हाई घेता येत. हा वळू हाय."

"कोण वळू?"

"तुमची गाय."

"मंग सकाळी म्या काय पिळलं बे?"

"ते मला कावून इचारता? शीटमदी नर आलंय. शीट खोटं बोलत न्हाई."

मी उलट्या पावली घरी गेलो. रतनला आणली, दवाखान्याच्या पायरीशी बांधली, तिथंच धार काढली आणि फेसासकट तांब्या त्याच्या कीबोर्डाशेजारी आदळला.

"पी. वळूचं हाय."

दारात माणसं जमलेली. दुसरा असता तर मान खाली घातली असती. हा प्यायला. मिशीचा फेस पुसला आणि म्हणाला, "जवळपास गायीसारखंच लागतंय."

लोक हसून हसून खाली बसले. पण तांब्या खाली ठेवल्यावर डोईफोडे परत यादीत शिरला. रतनचा नंबर यादीत समोर दिसत होता, तरी फॉर्म्युला जाऊन भुजंगाच्या वळूला बिलगत होता. दोघांना बिल्ले एकाच दिवशी, एकामागं एक ठोकलेले. शेवटच्या आकड्याचाच काय तो फरक. तो रतनच्या नंबरावर टिचकी मारत बसला आणि एकदम थांबला.

"हे बगा बप्पा, आकड्यामागं एक मोकळी जागा चिकटलीय. दिसत न्हाई, पर हाय. म्हणून कॉम्प्युटर हिच्या नंबराला नंबरच मानत न्हाई."

"मोकळ्या जागेनं गायीचा वळू केला व्हय?"

"न्हाई," तो हळू आवाजात म्हणाला. "त्यो म्या केला."

त्याचं असं होतं. फॉर्म्युल्याच्या शेवटी शून्य लिहिलं, की तो अगदी तोच नंबर हुडकतो. नाही मिळाला, तर "सापडत नाही" असं तोंडावर सांगतो. या बहाद्दराच्या शीटमध्ये जागोजाग "सापडत नाही" यायला लागलं. साहेब ओरडले. मग यानं दुखणं हुडकायचं सोडून शून्यच काढून टाकलं. शून्य गेलं, की फॉर्म्युला तो नाही तर जवळपासचा नंबर धरतो. जवळपासचा म्हणजे आमचा शेजारी! गावातल्या गुरांचे मालक बदलले, गाईंचे वळू झाले, पण शीट कशी धुतल्यासारखी. साहेबांनी पाठ थोपटली. ऑफिसात याला हुशारी म्हणतात.

डॉक्टर आतून म्हणाले, "अहो डोईफोडे, त्या एका गाईपुढं हातानं मादी लिहा आणि विषय संपवा. शीट वर पाठवायची आहे."

माझं तर तेवढ्यानं भागत होतं. डोईफोड्यानं मात्र तांब्याकडं बघितलं.

"सायब, म्या आत्ताच वळूचं दूध प्यालो. आता न्हाई जमत."

त्यानं शून्य परत टाकलं. आख्ख्या शीटवर "सापडत नाही" उगवलं, पावसाळ्यात गाजरगवत उगवतं तसं. मग एकेका नंबरामागची जागा खुरपत बसला. रतन मादी झाली. ती आधीपासूनच होती, पण आता ऑफिसलाही पटलं. शीट वर जायला उशीर झाला आणि साहेबांनी त्याला सगळ्यांदेखत लई बोल लावले. मला दया आली नाही. आग यानंच लावलेली.

प्रदर्शनात रतन दुसरी आली. भुजंगाचं तोंड मिटलं. डोईफोडे मात्र गर्दीतून ओरडला, "जवळपास पयलीच की, बप्पा!" हातात काठी असून मी ती उचलली नाही, हा माझा मोठेपणा.

पुढं त्याची परळीला बदली झाली. निरोप घ्यायला गोठ्यावर आला, तर दावण रिकामी.

"रतन कुठंय?"

मी बांधावरच्या लिंबाकडं हात केला. त्याच्या बुडाशी माती अजून ओली होती.

"जवळपासच हाय."

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. मग म्हणाला, "नोंदीत मयत लावायचं ऱ्हायलंय मंग. तेवढं करून जातो."

"लाव," मी म्हणालो. "पर शेवटी शून्य टाक. न्हाईतर भुजंगाचा वळू मारशील."