आईने ठोकलेली रिव्हेटं

भारताच्या फुटबॉल संघात पहिल्यांदा निवड झाली तेव्हा मला मिळालेला किट पुरुषांच्या मापाचा होता. जर्सी खोचून भागलं, शॉर्ट्सचं काय करणार? नाडी कितीही आवळली तरी पळताना एक हात कमरेलाच. बदलून मागायची हिंमत नव्हती. नव्या नवरीने पहिल्याच दिवशी भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, तसं ते झालं असतं.

विमानाच्या आदल्या दिवशी उल्हासनगरला, कॅम्प पाचच्या घरी आले. आई कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात कामाला. शिवून आलेल्या पँटच्या खिशांच्या कोपऱ्यांवर मशीनने तांब्याची रिव्हेटं, म्हणजे बटणासारखे चपटे खिळे, ठोकायची, हे तिचं काम. शॉर्ट्स पाहून ती फक्त "दे इकडे" म्हणाली आणि पिशवीत घालून शेअर रिक्षाने गेली.

तिथले सेठ पाच मिनिटं उशीर झाला तरी तोंडाचा पट्टा सोडायचे. पण त्या दिवशी त्यांनी चालू लॉट बाजूला ठेवायला लावला आणि मास्टरला सांगितलं, "पहले बिटिया का काम." मास्टरने बाजू आत घेऊन जीन्सला घालतात तशी दुहेरी शिवण घातली. संध्याकाळी मी घालून पाहिली, तर अगदी बेतून शिवल्यासारखी. फक्त शिवण जिथे खाली संपते तिथे, दोन्ही मांड्यांवर, एकेक रिव्हेट चमकत होतं. मला हसू आवरेना. आईला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

"कापड तिथूनच फाटायला लागतं," ती म्हणाली.

पहिल्या सामन्यात मी बाकावर होते. शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा कोचनी मला बोलावलं. रेषेवरच्या पंचबाईंनी बूट तपासले, कान पाहिले आणि त्यांचा हात मांडीपाशी थांबला. धातू घालून मैदानात जाता येत नाही. कानातलं काढायचं हे मला शाळेपासून ठाऊक होतं, पण चड्डीलाही दागिना असतो हे कुणाच्या डोक्यात येणार? पंचबाईंनी मान हलवली. कोचनी दुसऱ्या मुलीला तयार व्हायला सांगितलं. एवढ्या वर्षांची धावपळ दोन रिव्हेटांवर अडली होती.

तेवढ्यात आमच्या फिजिओताई बँडेजची कात्री घेऊन धावत आल्या. त्यांनी दोन्ही रिव्हेटं कापडासकट कापली, भोकांवर पांढरी पट्टी चिकटवली आणि मला पुढे ढकललं. त्या दुसऱ्या मुलीने स्वतःहून ट्रॅकसूटची चेन पुन्हा वर ओढली. त्या दोघींचे उपकार मी कसे विसरेन?

मी आत गेले. बॉल फारसा मिळाला नाही. एकदा मी सुटून पुढे निघाले तेव्हा समोरच्या बचावपटूने माझी शॉर्ट्स मागून मुठीत धरून खेचली. मी पडले, फाऊल मिळाला, शिवण मात्र जागची हलली नाही.

घरी आले तर आईचा चेहरा उतरलेला. कारखान्यात मशिनं बंद ठेवून सगळ्यांनी सेठच्या मोबाइलवर सामना पाहिला होता, आणि मांडीवरची पट्टी पाहून मला लागलं असं तिला वाटलं होतं. मी रुमालात जपून आणलेली ती कापलेली रिव्हेटं काढून तिच्या हातावर ठेवली आणि सगळं सांगितलं. तिने ती बोटांनी उलटसुलट करून पाहिली.

"माझ्यापायी तुझा खेळ गेला असता गं."

"शिवण टिकली, आई. त्या पोरीने जीव खाऊन ओढली तरी टिकली."

आता किट माझ्या मापाचा येतो. तरी दौऱ्याआधी शॉर्ट्स मी आईकडे देते. ती चष्मा लावून शिवणीच्या टोकाला हाताने आडवे टाके घालते, कापडाच्याच रंगाच्या दोऱ्याने. रेषेवर पंच तपासतात, त्यांचा हात त्या टाक्यांवरून फिरतो, त्यांना काहीच सापडत नाही आणि ते मला आत सोडतात.