रिकामा सिलिंडर आणि साडूचा गोठा

आमच्या हिच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी रिकामा सिलिंडर खांद्यावर मारून मी शिरोलीच्या फाट्यावर उभा राहिलो. आखातात लढाई, जहाजं अडकलेली, म्हणून आमच्या गावात गॅस नाही. परसात चूल आहे, पण ती पेटवणार नव्हतो. त्याच धुरात खोकून खोकून बाई गेली. तिचा नैवेद्य तरी धुराविना व्हावा, म्हणून जोतिबाच्या पायथ्याला साडूकडं भरलेला सिलिंडर मागायला निघालो.

एस.टी. आली. कंडक्टर ओरडला, "ओ पावणं, ते खाली घ्या! गोडाऊन वाटलं काय?"

"रिकामा हाय की!"

"मग फिरवताय कशाला?"

शेवटी दुधाच्या टेंपोत कॅनांच्या मधे बसलो. पंपावर ही रांग. ड्रायव्हर म्हणाला, "आजोबा, डिझेल मिळालं तर पोचू." रांगेतून एमआयडीसीचे पत्रे दिसत होते. कैक कारखान्यांवर सोलर बसलेला. त्यांना ऊन पुरतं, आम्ही जहाजाची वाट बघतो.

ऊस मागं पडला, जोतिबाचा डोंगर जवळ आला. साडूच्या दारात सिलिंडर टेकवला तसा तो हसायलाच लागला.

"साडूभाऊ, आमच्यात सिलिंडर कवाच बंद झाला. गॅस गोठ्यात हाय. दोन म्हशी असून तुम्ही हे वागवत आलासा व्हय?"

गोठ्यामागं शेणाची टाकी पुरलेली, तिथनं नळी थेट शेगडीला. निळी ज्योत. भांड्याला काजळी नाही. मेव्हणी भाकरी थापत साडूवर तोंड सोडत होती, "दात काढत बसलासा काय? शेण कालवा जावा!" आवाज हुबेहूब थोरल्या बहिणीचा, आमच्या हिचा. एवढी ओरडली, पण मधे एक ठसका नाही. साडू वैतागला. त्याला वैतागायला बायको तरी होती! मला चहा गोड लागेना.

मेव्हणी म्हणाली, "दाजी, आज ऱ्हावा. अक्काचा निवद (नैवेद्य) सकाळी हितंच करून देऊ."

सकाळी पुरणपोळीचा डबा मांडीवर आणि रिकामा सिलिंडर पायाशी, असा परत आलो. हिच्या फोटोपुढं पान वाढलं. पोळीला धुराचा वास नव्हता.

कुठल्या तरी देशात भांडण लागतं आणि माझी शेगडी विझते. इकडं माझ्या म्हशींचं शेण उकिरड्यावर वाळतंय. हा कसला कारभार?

दुपारी पहार घेतली. परसात ज्या भिंतीला ही शेणी (गोवऱ्या) थापायची, तिच्याजवळ टाकीच्या खड्ड्याची खूण केली. साडूच्यापेक्षा हातभर रुंद.