भट्टी चालू, मोड्यूल बाहेर

आमच्या ऑफिसात टाळकी चार, किस्से मात्र पोत्यानं! एक सांगायला घ्यावा तर तोवर दुसरा घडलेला असतो.

आम्ही कोल्हापुरात फाउंड्रीच्या भट्ट्या सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचं काम करतो. त्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. त्याला जोडलेला एखादा तुकडा, म्हणजे मोड्यूल, बिघडला की कॉम्प्युटर चालू ठेवूनच तो काढायचा आणि नवा बसवायचा. धावत्या गाडीचं चाक बदलण्यातलाच प्रकार! आमची शबाना यात एक नंबर. अख्ख्या जिल्ह्यात तशी दुसरी दाखवा.

*

एक गिऱ्हाईक वैतागलं. "पावणं, बंद करून चालू करा की! आमचा टीव्ही तसाच सुधारतोय."

"काका, टीव्हीत सीरियल असतीया," शबाना म्हणाली, "हितं वितळल्यालं लोखंड हाय!"

*

आमचा संदीप घरी बसून पेठ वडगावच्या फाउंड्रीतल्या कॉम्प्युटरवर काम करत होता. नेटवर्कचं मोड्यूल जुनं दिसलं, गड्यानं काढून टाकलं. ज्या नेटवर्कवरून आत शिरला होता, तेच!

"परत बसीव की!" मी फोनवर ओरडलो.

"कशानं? मीच भाईर पडलोय न्हवं!"

गेला भर उन्हात मोटारसायकल काढून.

*

मोड्यूल कुणी वापरत असेल तर कर्नल ते सोडत नाही. एकदा आमचे साहेब घाईत होते. शबानाला म्हणाले, "जबरदस्तीनं काढ!"

"सर, जेवणाऱ्याच्या म्होरनं ताट वढत्यात व्हय?"

आम्ही पोट धरून हसलो. साहेबसुद्धा.

*

हा मात्र ऐकाच. एका फाउंड्रीत तापमान सांगणारं मोड्यूल अडकलं. आकडा जागचा हलेना आणि भट्टीत लोखंड रटरटतंय! कॉम्प्युटर बंद केला तर ते आतच थिजणार, भट्टी कामातून जाणार. मालक आबांनी ती आयुष्य घालून उभी केलेली. त्यांचा चेहरा उतरला होता.

शबानानं ते वापरणारे सगळे प्रोग्रॅम थांबवले, तरी मोड्यूल सुटेना. शोधलं तर आबांच्याच केबिनमधली स्क्रीन ते धरून बसलेली!

"आबा, एवढी स्क्रीन बंद करा."

"न्हाय! भट्टीवरनं नजर मी काढत न्हाय."

"तुमची नजर हाय म्हणूनच निघंना झालंय, आबा."

आबांनी स्क्रीन बंद केली. "थांब. जोतिबाला हात जोडतो, मग काढ." त्यांनी डोळे मिटले.

जरा वेळानं मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "हां. काढ आता."

"काढून नवं बसीवलं बी! डोळं उघडा की."

शबानानं स्क्रीन लावली. आकडा हलत होता, भट्टी धगधगत होती. आबांनी जोडलेले हात सोडलेच नाहीत. तसेच शबानाकडं वळवले.

"मग हे तुला, पोरी!"